गयाबाईची पट्टी, काळी एक

परभणीत रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे असं सांगितलं की बाहेरगावचे लोक अजून विचारतात, "तिथं कोण रेकॉर्डिंग करतं?" मी सांगतो, सगळेच करतात. सरपंच करतात, कीर्तनकार करतात, बी-बियाणंवाले करतात, नवरदेव करतात. गाणारेसुद्धा करतात, पण ते कमी.

माझं नाव मोईनोद्दीन. लोक मोईनभाई म्हणतात. आमच्या अब्बांचं भोंग्यांचं दुकान होतं. लग्न असो, उरूस असो, जयंती असो की पुढाऱ्याची सभा, भोंगे आमचेच. खांबावर चढून भोंगे बांधता बांधता मला एवढं कळलं की आवाज मोठा करणं सोपं आहे, तो नीट धरणं अवघड. म्हणून पुढं घरामागच्या दोन खोल्यांत मी स्टुडिओ काढला. आधी कॅसेट होती, मग सीडी, मग मेमरी कार्ड, आता मोबाइल. डबा बदलत गेला, काम तेच राहिलं.

काम म्हणजे काय, तर आतल्या खोलीत माणूस गातो, बाहेरच्या खोलीत मी बसतो, मधे काच. आतल्या भिंतींना गाद्या मारलेल्या, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. परभणीच्या उन्हाळ्यात बंद खोलीत, बिनपंख्याचं, गाद्यांच्या मधोमध उभं राहून प्रेमगीत म्हणायचं, हे काही खायचं काम नाही. त्यात आमच्या शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की जमिनीतून घरघर येते. गिरणीवाले शिंदे भले माणूस. मी खिडकीतून हात केला की ते पट्टा उतरवतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, "थांबा जरा, मोईनभाईकडं कोणीतरी रडायलंय."

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांची गाणी माझ्याकडंच झाली. चाल एक, गायक एक, फक्त नाव आणि निशाणी वेगळी. दोघांच्या गाड्या चौकात समोरासमोर आल्या आणि मत कोणाला मागायलेत तेच लोकांना कळेना. दोघंही तणतणत माझ्याकडं आले. मी म्हणालो, "साहेब, चाल तुमीच पसंत केली होती." निवडून तिसराच आला.

राणीसावरगावचा एक नवरदेव आला होता. त्याला स्वतःच्या आवाजातली गाणी लग्नात वाजवायची होती. गडी दिलदार, पण सूर त्याच्या गावाला कधी गेला नव्हता. आता सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर मिळतं. खाली पडलेला सूर ते उचलून जागेवर बसवतं, वर गेलेला खाली ओढतं. मी दोन दिवस बसून त्याचा एकेक सूर जागेवर बसवला. मांडवात गाणं लागलं तर नवरदेवाची आई म्हणाली, "ह्यो कोन म्हणायलाय? आमचा गजानन कुठंय?" तेव्हापासून मी ते यंत्र बेतानंच वापरतो. पार दुरुस्त केलेला माणूस घरच्यांना ओळखू येत नाही.

पण या अंकाच्या संपादकांनी सांगितलंय की एखादं लक्षात राहिलेलं काम लिहा. तर मग गयाबाईंचंच लिहितो.

गयाबाई खिल्लारे पहिल्यांदा आल्या त्या कोरसमध्ये. जिंतूरच्या एका गायकाची भीमगीतं रेकॉर्ड करायची होती. त्यानं मागं म्हणायला चार बाया आणल्या होत्या. कोरसचं काम एवढंच, की गायकानं ओळ म्हटली की तीच ओळ मागून म्हणायची. चारही बाया माइकपुढं उभ्या केल्या आणि पहिली ओळ घेतली. ऐकतो तर गायक कोरसमध्ये आणि कोरस पुढं, असं झालेलं. एक आवाज बाकीच्या तिघींवरून आणि गायकावरूनही आरपार यायला लागला.

मी आत जाऊन त्या बाईंना एक पाऊल मागं घेतलं. परत तेच. आणखी मागं घेतलं. भिंतीला टेकवलं. शेवटी दार उघडून उंबऱ्यात उभं केलं, तोंड गिरणीकडं करून. तरी आवाज आपला पुढंच. त्या ओरडत नव्हत्या, हे महत्त्वाचं. ओरडणारा आवाज कानाला टोचतो आणि लांब गेला की पातळ होतो. हा आवाज भरलेल्या रांजणासारखा होता, कुठूनही आला तरी तेवढाच.

गायक वैतागला. "बाई, तुमी नुसते ओठ हलवा," म्हणाला.

"बरं," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. उरलेलं सगळं रेकॉर्डिंग त्यांनी ओठ हलवत उभं राहून काढलं. चहा मात्र दोनदा घेतला.

सगळे निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं. बाई चाळिशीतल्या, उंच, काटक. चारठाण्याजवळचं गाव, माहेर आणि सासर एकच. नवरा-बायको दरसाल दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. नवरा किसन सोबत होता, बाहेर हलगी मांडीवर घेऊन बसलेला. मी म्हणालो, "ताई, एखादं तुमचं म्हणून दाखवता का?"

"माझं म्हंजी?"

"तुमाला आवडतं ते."

हार्मोनियमवर आमचे कदममामा होते. भजनी मंडळातले जुने वादक, माझ्याकडं कायम पेटी तेच वाजवतात. त्यांनी बायका साधारण ज्या पट्टीत गातात ती पट्टी धरली. गयाबाईंनी मान हलवली. "खाली घ्या मामा." मामा खाली आले. "आजून खाली." शेवटी काळी एक लागली तेव्हा त्या हं म्हणाल्या. काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, पुरुषांची. मामा म्हणाले, "बाई, ही गड्याची पट्टी हाय."

"असंल. आमी गड्याच्याच बरूबर ऊस तोडतोत."

आणि त्यांनी जात्यावरची ओवी सुरू केली. आईची ओवी, असं नंतर सांगितलं.

*सीताबाईचा वनवास, वरसं मोजून चौदा*
*माझ्या गं वनवासाचा, दर साली नवा सौदा*

खालच्या सुरात सुरू झालेली ओळ 'सौदा' या शब्दावर अशी काही वर गेली, की तोंडाला लावायला उचललेली मामांची तंबाखू हातातच राहिली. वर जाताना आवाज बारीक झाला नाही, तुटला नाही. मी आयुष्यात पुष्कळ गळे ऐकले. वरचा सूर आला की माणूस तयारी करतो, मान ताणतो, डोळे मिटतो. ही बाई वर गेली ती माळवदावर वाळवण घालायला गेल्यासारखी.

ओवी संपली न संपली तोच त्यांनी टाळी धरली आणि त्याच दमात दखनीत सुरू झाल्या.

*मइके के रस्ते में नीम के झाडाँ*
*पीछे छाँव रह गई, आगे पहाडाँ*

चाल कव्वालीची. एकच ओळ फिरवून फिरवून, दर वेळेला वेगळ्या ठिकाणी जोर देऊन. बाहेरून किसनची हलगी आत शिरली. मधेच परत ओवी आली, पण आता कव्वालीच्या चालीवर. कुठं एक संपलं आणि कुठं दुसरं सुरू झालं ते मला सांगता आलं नसतं. माझ्या घरात दखनी बोलतात, पण आमच्या बोलीचं गाणं मी असं मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेलं कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"कोपीवर." कोपी म्हणजे उसाच्या फडाशेजारी तोडणारे लोक पाचटाची झोपडी घालतात ती. "आमच्या कोपीला लागून रजियामावशीची कोपी असायची. पलीकडं तांड्यावरच्या बाया. सांच्याला भाकरी थापताना एकीनं एक धरलं की दुसरी तिच्यात आपलं मिसळायची. मी लहान होते, आईसंग जायची. मला वाटायचं सगळं मिळून एकच गाणं हाय."

मी तिथंच ठरवलं की या बाईंचा अल्बम करायचा, आणि असाच मिसळून करायचा.

पोळा झाल्यावर काम सुरू केलं. दसऱ्याच्या आत संपवायचं होतं, कारण नंतर त्या फडावर जाणार. वाटलं होतं सोपं जाईल. पण उभं राहून, कानाला हेडफोन लावून, माइककडं बघत त्यांना म्हणताच येईना. आवाज यायचा, गाणं यायचं नाही. मी विचारलं, काय अडचण आहे. म्हणाल्या, "हात रिकामे हायेत ना भाऊ." खरंच होतं. ही सगळी गाणी हाताला काम असतानाची. मग माइक खाली घेतला, जमिनीवर पोतं अंथरलं, त्यांना बसवलं आणि निवडायला सुपात ज्वारी दिली. आता बांगड्यांचा आवाज यायला लागला. त्यांनी पदराची चिंधी फाडली, बांगड्या गच्च बांधल्या आणि गायला लागल्या. त्या अल्बममध्ये बारकाईनं कान दिला तर ज्वारीचे दाणे सरकल्याचा आवाज ऐकू येतो. तो मी काढला नाही.

दुसरी अडचण टिकटिक. हल्ली रेकॉर्डिंगला कानात यंत्राची एकसारखी टिकटिक सोडतात, म्हणजे वाजवणारे-गाणारे लयीत राहतात आणि नंतर जुळवाजुळव सोपी जाते. किसननं थोडा वेळ ती सहन केली, मग हेडफोन काढून ठेवला. "मोईनभाऊ, हिला म्हणावं आमच्या मागं ये. आमी हिच्या मागं जात न्हाईत." मी टिकटिक बंद केली. नंतर जुळवायला मला तिप्पट मेहनत पडली, पण त्याची हलगी बायकोच्या श्वासावर चालते हे तेव्हाच कळलं.

शिंदे तर आमच्यापुढं हैराण झाले. ओवी आली की मी हात करायचो, ते पट्टा उतरवायचे. गयाबाई हसायच्या. "ओव्या ह्या गिरणीनंच खाल्ल्या की. आता यंत्रात घातलेल्या बी खायलीय."

अर्धी गाणी झाली होती. आणि मग किसननं, कौतुकानंच, मोबाइलवर एक तुकडा काढून गावच्या ग्रुपवर टाकला. नेमका सीतेच्या ओवीचा.

दोन दिवसांनी गयाबाईंचे थोरले भाऊ स्टुडिओत आले. मिलिंद गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, गावच्या विहार कमिटीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं हळू. गयाबाई आत सुपाशी बसल्या होत्या. गुरुजींनी चहा घेतला नाही.

मला म्हणाले, "मोईनभाई, तुमाला दोष देत न्हाई. तुमाला आमचं घर ठाऊक नसंल. आमच्या आजोबानं धम्म घेतला तवा घरातले सगळे देव टोपल्यात घालून गंगेत सोडले. गावानं विहिरीवर येऊ दिलं न्हाई, कामाला बोलावलं न्हाई. तरी मागं फिरला न्हाई म्हातारा." मग बहिणीकडं वळले. "आणि तू त्याच्या घरची लेक. सीतामाय गळ्यात घेऊन बसलीस."

"दादा, मी तिला देवी म्हणून म्हणायले का? तिची न् माझी गाठ वनवासात पडली. आई म्हणायची ते मी म्हणायले."

"आईला अक्षरओळख नव्हती. आपल्याला हाय."

"ओवी अक्षराची नसती दादा."

"गया, तू म्हणतीस तो बारकावा लोक ऐकत न्हाईत. लोक नाव ऐकतेत. ग्रुपवर काय काय यायलंय बघ. कमिटीत सगळ्यांनी विषय काढला. ही ओवी अल्बमात राहिली तर जयंतीला विहारात तुला म्हणू देणार न्हाईत. मी अडवू शकत न्हाई." आणि उठता उठता म्हणाले, "आणि अडवणार बी न्हाई."

बाहेरच्याला यात काय आहे ते कळायचं नाही. जयंतीच्या दिवशी विहारात पहिलं गाणं गयाबाईंचं, हे त्या परकर नेसत होत्या तेव्हापासूनचं. वर्षातले सहा महिने त्या फडावर नुसता अर्धा कोयता असतात; तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्या एका दिवशी त्या गयाबाई असतात.

गुरुजी गेले. मी गुरुजींना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि आजोबांनी टोपल्यातून काय काय सोडलं ते मी पाहिलेलं नाही. गयाबाईंना मी म्हणालो, "ताई, ओवी काढू का? बाकीची पुष्कळ आहेत."

त्या म्हणाल्या, "काढू नका."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, बसल्या, सूप घेतलं. मामांनी काळी एक धरली. पहिल्याच ओळीला आवाज फाटला. पाणी पिऊन परत म्हटलं. सूर बरोबर होता, ताल बरोबर होता, पण ऐकावंसं काही नव्हतं. तासभर खटपट केली. शेवटी त्यांनी ज्वारी नीट पोत्यात ओतली आणि उठल्या. "आज न्हाई येत भाऊ." उद्या या, म्हणालो. आल्या नाहीत. दसरा झाला, टोळीचा ट्रॅक्टर निघाला आणि माझ्या संगणकात अर्धा अल्बम पडून राहिला.

हिवाळ्यात मी ती अर्धी गाणी घेऊन मोठ्या शहरातल्या एका कंपनीवाल्याकडं गेलो. नाव सांगत नाही. त्यानं ऐकलं, दोनदा ऐकलं. आवाजावर खूश झाला. मग म्हणाला, "पण हे घालायचं कशात? भक्तिगीत आहे का? भीमगीत? लोकगीत? कव्वाली?"

मी म्हणालो, "थोडं थोडं सगळंच."

"मग विकायचं कोणाला?" त्यानं तोड सुचवली. हलगीच्या जागी यंत्राचा ठेका, दखनी ओळी काढायच्या, 'आमी'चं 'आम्ही' करायचं आणि सूर सगळे सॉफ्टवेअरनं सरळ करायचे. घरी येऊन मी एका गाण्यावर करून पाहिलं, खोटं कशाला बोलू. ओवीतला सूर एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारत नाही, मधल्या वाटेनं चालत जातो. यंत्रानं ती वाटच पुसली. इस्त्री केलेल्या लुगड्यासारखा आवाज झाला. मी ते पुसून टाकलं आणि गयाबाईंना फडावर फोन लावून कंपनीवाल्याचं म्हणणं सांगितलं.

मागं कोयत्यांचे आवाज येत होते. म्हणाल्या, "मंग त्यात माझं काय राहायलंय?"

"आवाज."

"तो इकडं बी हायेच की," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विषय संपला असंच मी धरून चाललो होतो. पाडवा होऊन गेला आणि एका सकाळी दारात तिघं उभे. गयाबाई, किसन आणि मिलिंद गुरुजी. या वेळी गुरुजींनी न विचारता चहा घेतला. बराच वेळ पेला हातात धरून बसले. मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

त्यांच्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. परीक्षा जवळ आल्यावर गुरुजी त्यांना परत आणायला फडावर गेले. बहिणीची टोळी तिथंच होती. पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता, बाया चुली पेटवत होत्या. गुरुजी एका कोपीपुढं बसले. एका म्हातारीनं भाकरी थापता थापता त्यांच्याकडं निरखून बघितलं.

"ती म्हणाली, 'तू द्रुपदाबाईचा मिलिंद न्हाई का? हॉस्टेलवाला?' ती रजियामावशी होती. मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिला माझं सगळं ठाऊक. मी कितवीत होतो, कुठल्या विषयात नापास झालतो, सगळं. म्हटलं तुमाला कसं ठाऊक? तर म्हणाली, 'तेरी माँ तेरेच गाने गाती थी ना रे.'"

गुरुजींनी पेला खाली ठेवला.

"मोईनभाई, मी दहावीला होतो. सुट्टीत घरी आलो, आई जात्यावर बसलेली. तिच्या ओवीत कुठला तरी देव आला. मी नवीन नवीन भाषणं ऐकून आलेलो. मी तिला म्हणालो, हे जुनं तोंडात आणायचं न्हाई. ती काही बोलली न्हाई. पण त्यानंतर घरी मी तिचं गाणं ऐकलं न्हाई. मला वाटायचं तिनं सोडलं. तिनं सोडलं नव्हतं. मी नसायचो तिथं म्हणायची."

मग रजियामावशीनं त्यांना चुलीपुढं आईची एक ओवी म्हणून दाखवली होती. मोडक्या मराठीत, मोडक्या आवाजात. गुरुजींनी ती मला नुसती बोलून सांगितली, कारण गाणं त्यांना येत नाही.

*पाचटानं चिरला हात, रगत माझ्या बोटाला*
*लेक माझा शाळंमधी, शाई त्याच्या बोटाला*

पाचट म्हणजे उसाचं वाळलेलं पान. ते पात्यासारखं कापतं.

मी गयाबाईंकडं बघितलं. "ताई, तुमाला ही येत होती?"

"येती की. तोंडपाठ हाय."

गुरुजी म्हणाले, "मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू ऐकून घेतलं असतंस का दादा?"

गुरुजी माझ्याकडं वळले. म्हणाले, "ही घ्या अल्बमात. बाकी तुमचं काय ठरलंय ते तुमी बघा."

शिंद्यांना हात केला, गिरणी थांबली. मामांनी पेटीचा भाता उघडला आणि परत लावला. "इथं पेटी नको," म्हणाले. किसननं हलगी बाजूला ठेवली, नुसत्या बोटांनी पोत्यावर ठेका धरला. गयाबाईंनी चिंधीनं बांगड्या बांधल्या, सूप ओढलं आणि म्हणायला सुरुवात केली. अगदी खाली, बोलल्यासारखं. वर गेल्याच नाहीत. एवढा मोठा आवाज असून तो सबंध गाण्यात त्यांनी एकदाही उघडला नाही. 'शाई' या शब्दावर जरा थांबल्या आणि पुढं गेल्या. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

बाहेर माझ्या शेजारी गुरुजी हेडफोन लावून बसले होते. गाणं संपलं तसा त्यांनी हेडफोन काढला, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं मी बघितलं तर गिरणीच्या ओट्यावर बसून शिंद्यांशी बोलत होते. कशावर, तर बाजरीचं पीठ कडू कशानं होतं यावर. शिंदे सविस्तर सांगत होते आणि गुरुजी मान हलवत होते.

उरलेली गाणी भराभर झाली. गळा आधीसारखा सुटला होता. सीतेच्या ओवीचं काय, हे मात्र राहिलंच होतं, आणि ते गोड झालं असं मी सांगणार नाही. गुरुजींना ती ओवी आजही पटलेली नाही. कमिटीत बराच वाद झाला. शेवटी गुरुजी बहिणीला म्हणाले, "तुझ्या अल्बमात ती राहू दे. पण विहारात म्हणायची न्हाई." गयाबाई म्हणाल्या, "विहारात न्हाई म्हणत. पण पुसायची बी न्हाई." त्यावर दोघं थांबले. जयंतीला पहिलं गाणं गयाबाईंचंच झालं. मी साउंडला होतो, भोंगे बांधायला बऱ्याच वर्षांनी स्वतः चढलो. माइकवर नाव पुकारलं ते गुरुजींनी. तिकडं कदममामांना भजनी मंडळात कोणीतरी टोकलं की कव्वालीवर पेटी कशी वाजवली. मामा म्हणाले, "काळी एक लागली ना, मंग झालं." माझ्याही नात्यातल्या एका बुजुर्गांनी नाक मुरडलं. त्यांना मी बिर्याणीला बोलावलं. एवढंच.

अल्बम मी स्वतःच यूट्यूबवर टाकला. टाकताना प्रकार विचारतात. सगळे प्रकार वरून खाली वाचले, मग 'इतर' दाबलं. गाजला म्हणता येणार नाही. पण ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोचला, आणि ते माझ्या ओळखीचे लोक नव्हते. ऊसतोडीच्या लोकांचे गावोगावाहून फोन यायला लागले. कुणी विचारायचं, ही बाई कुठल्या टोळीत आहे. एका बाईनं फोनवर मला तिच्या आईची ओवी ऐकवली आणि म्हणाली, हीपण घाला. दोन-चार शहरांतून कार्यक्रमांची बोलावणी आली, गयाबाई त्यातल्या काहींना गेल्या. मला आशा होती की यंदा त्यांना उसाला जावं लागणार नाही. ते काही माझ्या हातून झालं नाही. कार्यक्रमांवर घर चालत नाही अजून. याची खंत आहे, ती लपवत नाही.

दसरा झाला आणि टोळी निघाली. परवा त्यांचा पोचल्याचा फोन आला. सांगत होत्या, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर नवीन होता, पोरगेलासा. जिंतूर सोडल्यावर त्यानं मागं वळून विचारलं, "मावशी, गाणं लावू का? एक लय भारी सापडलंय, यंदा सगळ्या गाड्यांवर वाजायलंय." आणि त्यानं गयाबाईंचंच गाणं लावलं, तेही पार आवाज चढवून. ट्रॉलीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. किसन सामानाच्या बोचक्यावर ठेका धरून बसला.

मी म्हणालो, "मग सांगितलं नाही का त्याला, की ही गाणारी तुमीच?"

"न्हाई."

"का हो?"

"सांगितलं असतं तर म्हणला असता, मंग बंद करतो, तुमीच म्हना," गयाबाई म्हणाल्या. "कारखान्यापर्यंतचा रस्ता होता भाऊ. कोन गळा दुखवून घेईल?"